पानगळीचे जंगल पाहायला चला

औशातल्या एखाद्या पोराला विचारून पाहा, ‘जंगल कसे असते रे?’ तो टीव्हीवरचा वाघ सांगेल, पुस्तकातले हिरवेगार चित्र सांगेल. पायाखाली तुडवलेले जंगल मात्र त्याला सांगता येणार नाही, कारण त्याने ते पाहिलेलेच नाही. यात पोराचा काय दोष? आपल्या लातूर जिल्ह्यात जंगल शेकडा एक टक्काही भरत नाही. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपली गणना होते. काळी जमीन, सोयाबीन, तूर, ऊस, बांधावरची बाभूळ आणि विहारासमोरचा पिंपळ, एवढीच आपल्या मुलांची झाडांशी ओळख.

म्हणून माघ महिन्यात आम्ही चार कुटुंबे मिळून नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या जंगलात जाऊन आलो. निघण्याआधी शेजारपाजारचे म्हणाले, ‘आता उन्हाळा तोंडावर आला. वाळलेली लाकडे पाहायला एवढे भाडे घालवता काय? जायचे तर श्रावणात जा.’ श्रावणातले जंगल देखणे असते, यात शंका नाही. पण झाड अडचणीच्या दिवसांत कसे वागते ते पाहायचे असेल तर पानगळीतच गेले पाहिजे.

औशाहून लातूर, तिथून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेड. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर आणि मग किनवट. एकूण वाट अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाते. भोकर मागे पडले की जमिनीचा चेहरा बदलू लागतो. टेकड्या जवळ येतात, शेते लहान होतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची उघडी झाडे उभी दिसतात. खाली ताटाएवढाल्या वाळक्या पानांचा थर. पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. आमच्यातली सहावीतली एक मुलगी आजीला म्हणाली, ‘वो आजी, ही झाडं मेली का?’

प्रश्न चांगला होता. आजीने सागाची एक बारीक फांदी धरली आणि नखाने साल जराशी खरवडली. आत ओला हिरवा पापुद्रा होता. झाड जिवंत होते. त्याने फक्त खर्च कमी केला होता.

हे कसे होते ते आपल्या मुलांना नीट सांगितले पाहिजे. पानाला डोळ्याला न दिसणारी हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून झाड हवा आत घेते आणि पाणी वाफ होऊन बाहेर जाते. पावसाळ्यात मुळांना भरपूर पाणी मिळते, तेव्हा हा खर्च परवडतो. पावसाळा सरला, जमिनीतली ओल खाली गेली की परवडत नाही. मग झाड पानातले कामाचे अन्न खोडाकडे ओढून घेते. पान पिवळे पडते. देठाच्या बुडाशी बुचासारखा पातळ पडदा तयार होतो, जखम आधीच बंद होते आणि पान गळून पडते. मजुरी बंद असलेल्या महिन्यांत आपल्या आयाबहिणी जसा एकेक खर्च बाजूला काढतात, तसाच हा हिशेब आहे.

इंग्लंडातही अशी पानगळीची जंगले आहेत. ओक आणि बीच ही तिथली मोठी झाडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती पिवळी-तांबडी होतात आणि लोक ते रंग पाहायला मुद्दाम जातात. तिथे पाने गळतात ती थंडीमुळे आणि दिवस लहान झाल्यामुळे. आपल्याकडे गळतात ती पाण्याच्या टंचाईमुळे. वसंत आला की तिथल्या झाडांची पाने दाट होण्याआधी जमिनीवर निळ्या फुलांचे गालिचे उमलतात, कारण तेवढ्याच दिवसांत ऊन खालपर्यंत पोहोचते. आपल्याकडे पळस तीच संधी फांदीवर साधतो. अंगावर पान नसताना फाल्गुनात तो केशरी फुलांनी भरून जातो. मध्ये पाने नसल्यामुळे फुले दुरूनही दिसतात आणि पाखरे गर्दी करतात.

एका जंगलात सगळी झाडे एकाच दिवशी उघडी होत नाहीत. साग आधी, कुणी मागून. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली असते, एकदा पाहिली की विसरत नाही. धावड्याचे खोड पांढुरके आणि गुळगुळीत. बाळंतिणीच्या लाडवात जो डिंक घालतात तो या धावड्याचा. त्याचे लाकूड इतके चिवट की बैलगाडीचे कणे त्याचे करीत. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास पहाटे टपटप गळतात आणि गावातली माणसे उजाडण्याआधी टोपल्या घेऊन निघतात. कुसुमाला नवी पालवी फुटते ती लाल भडक, परक्याला वाटावे फुलेच आली. बिबा, चारोळी, बेहडा, आवळा हेही याच रानातले.

सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. बरीच झाडे पावसाची वाट पाहत बसत नाहीत. वैशाखाच्या उन्हात, जमीन तापून भाजत असताना ती पालवी फोडतात. खोल गेलेल्या मुळांचे पाणी आणि खोडात राखून ठेवलेले अन्न यावर ती हे धाडस करतात. पाऊस येतो तेव्हा पाने तयार असतात आणि एक दिवसही फुकट जात नाही. तेंदूची कोवळी पाने याच दिवसांत येतात. त्यांच्यावर विडीचा सगळा धंदा उभा आहे. सोलापूरच्या ज्या बाया दिवसभर मान मोडून विड्या वळतात, त्यांच्या सुपातले पान अशाच एखाद्या पानगळीच्या रानात, भर उन्हात कुणा दुसऱ्या बाईने तोडलेले असते. त्या दोघींची भेट कधीच होत नाही.

आता हे रान कुणाचे, असा प्रश्न येतो. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, भाषावार रचनेत तो नांदेडला आला. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात गोंड वीर कोमराम भीम याने निजामाच्या राजवटीशी झुंज दिली आणि १९४० साली जोडेघाटला तो मारला गेला. पाणी, जंगल आणि जमीन यांवर तिथे राहणाऱ्यांचा हक्क, हे त्याचे मागणे. किनवट-माहूरच्या डोंगरांत आजही गोंड, कोलाम, परधान, आंध ही माणसे राहतात. त्यांच्या शेजारी बंजारा तांडे आहेत आणि आपलीही माणसे आहेत.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याने वनात राहणाऱ्यांची कसलेली जमीन आणि तेंदू, मोह, डिंक यांसारख्या गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे गावाने आपला बांबू आपणच विकला. पण यात एक अट आहे, ती आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. आदिवासी नसलेल्या कुटुंबाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांच्या आजोबांच्या नावावर कधी कागदच झाला नाही, त्यांनी तो आणायचा कोठून? कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांची लेखी साक्षही पुरावा धरली आहे. जुनी माणसे हयात आहेत तोवर ती लिहून घ्यावी. रानाच्या गावांत ज्यांचे पाहुणे आहेत त्यांनी एवढा निरोप जरूर पोचवावा.

रानात नुसते फिरायला जाणे हा पैसेवाल्यांचा शौक आहे, असे कुणी म्हणेल. इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या कामगारांनाही हेच ऐकवले जात होते. शहराजवळचे डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी बंद करून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी गिरण्या-कारखान्यांतली शेकडो तरुण पोरे किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर बंदी मोडून चढली. पाच जणांना तुरुंगात जावे लागले. १९४९ साली तिथे राष्ट्रीय उद्यानांचा आणि रानवाटा खुल्या ठेवण्याचा कायदा झाला. आठवडाभर राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळी हवा लागते आणि ती मागण्यात त्याला लाज वाटण्याचे कारण नाही, हे त्या पोरांनी दाखवले.

आता आपल्याकडची एक जुनी खोड. मोह वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून, किंवा गवत चांगले येते म्हणून, उन्हाळ्यात पाचोळ्याला काडी लावतात. वेचणाऱ्या बाईला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. तिला पहाटेच्या दोन तासांत टोपली भरायची असते. झाडाखालची जागा खराट्याने झाडून घेतली किंवा खाली जुनी साडी अंथरली तरी फुले स्वच्छ मिळतात, पण त्याला हात जास्त लागतात. काडी स्वस्त पडते, हे खरे. पण आगीत कोवळी रोपे जातात आणि जमीन उघडी पडते. सागाचे पान रुंद असते, त्यावरून गळणारा थेंबही जड असतो. खाली पाचोळा असेल तर तो मार झेलतो आणि पाणी हळूहळू मुरते. पाचोळा जळालेला असेल तर तोच थेंब माती उकरतो आणि माती ओढ्यात जाते. मुरलेले पाणी विहिरीला मिळते. वाहून गेलेले कुणालाच मिळत नाही.

लातूरकरांना हे अधिक सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आपण घागरी घेऊन रांगेत उभे होतो. पाऊस दोन-तीन वर्षे रुसला होता, उसाने पाणी खाल्ले होते, बोअर खोल-खोल गेले होते. कारणे अनेक होती. पाणी मुरवणारी झाडी नसणे हेही त्यांतलेच एक.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे बायामुलांची सहल पूर्वीइतकी महाग पडत नाही. नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगरवरून किनवटला रेल्वेही जाते. वाटेत इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. उन्हाळ्याकडे पाणी कमी असते, तेव्हा खडकांचे कोरीवकाम नीट दिसते. कडेने जाताना मुलांचा हात सोडू नये. नदीच्या काठाने पैनगंगा अभयारण्य आहे. त्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी. पाणी आणि भाकरी सोबत बांधून घ्यावी, अंगभर कपडे घालावेत, बिब्याला हात लावू नये कारण त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. विडी-काडी रानात नकोच. मुलांना वही-पेन्सिल द्यावी. गळलेले पान वहीत ठेवून त्याखाली झाडाचे नाव लिहायला सांगावे. नाव माहीत नसेल तर तिथल्या गुराख्याला विचारावे. आमच्या मुलांनी एका दिवसात अकरा नावे लिहून आणली.

आणि ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनीही हातचे एक काम करावे. फाल्गुनात आपला पिंपळ आणि कडुनिंब पाने टाकतात. विहाराचे आवार, शाळेचे पटांगण आपण झाडून काढतो आणि कोपऱ्यात ढीग करून पेटवून देतो. धूर घरात येतो, म्हातारी माणसे खोकतात आणि चांगले खत राख होऊन जाते. त्याऐवजी हातभर खोल खड्डा करावा. त्यात पाने टाकावीत, वर शेणकाला आणि थोडी माती घालावी, आठवड्यातून एकदा धुण्याचे नव्हे पण भांडी विसळल्याचे पाणी शिंपडावे. पावसाळ्यापर्यंत सगळे कुजणार नाही, पण तळाशी काळे खत तयार झालेले असेल. मृग लागला की त्यातच एक पळस, एक आवळा लावावा. ज्या पोराने खड्डा खणला, त्याच्याकडेच त्या रोपाचे पाणी द्यावे.