पट्टा मिळाला, आता सोबत हवी

मित्रांनो, चंद्रपूर आणि गडचिरोली हे धानाचे आणि जंगलाचे जिल्हे. पावसाळ्यात बांधीत रोवणी, हिवाळ्यात मळणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. गावात काम उरलं नाही की मिरची तोडायला तेलंगणात. इथल्या कितीतरी घरांचं वर्ष असंच जातं. अशा घरातले मुलगा-सून दीड-दोन एकरांवर स्वतःची शेती सुरू करायची म्हणतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण असतं?

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात कसत आलेल्या जमिनीवरचा हक्क मान्य केला. हा हक्क जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. त्यामुळे जमीन सावकाराच्या घशात जाण्याची भीती कमी. हे फार मोलाचं आहे. पण नुसत्या कागदाने बांध पडत नाही की विहीर खणली जात नाही. या कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यातला सोळावा नियम सांगतो की, हक्क मिळालेल्यांपर्यंत जमीन सुधारणेच्या आणि उपजीविकेच्या सरकारी योजना पोहोचवणं हे राज्य शासनाचं काम आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, नव्या शेतकऱ्याला शिकवणं आणि सावरून धरणं ही कुणाची मेहेरबानी नाही. तो त्याच्या हक्काचाच पुढचा भाग आहे.

मग प्रशिक्षण कसं असावं? सिंदेवाही आणि सोनापूर इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथे माहिती मिळते. पण एका दिवसाच्या शिबिराने शेती उभी राहत नाही. धानाच्या श्री पद्धतीचंच बघा. कोवळं रोप, एका जागी एकच, २५ सेंटिमीटर अंतर, आणि पाणी न साचवता नुसती ओल ठेवायची. ऐकायला सोपं! पण पाणी वरच्या बांधीतून आपल्या बांधीत येत असेल, तर ते किती ठेवायचं हे एकट्याच्या हातात नसतं. हे शेतावर उभं राहूनच कळतं. म्हणून पऱ्हे टाकण्यापासून धान विकेपर्यंत, निदान एक पूर्ण हंगाम शिकवणाऱ्याने सोबत राहावं. धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला बांधीत गाडणं, धान उभा असतानाच ओलीवर लाखोळी फेकणं, अशी कमी खर्चाची कामं त्याच ओघात शिकता येतात. शिकायला बाईलाही बोलवा. रोवणी तीच करते आणि पट्ट्यावर तिचंही नाव आहे. शिकण्याच्या दिवशी मजुरी बुडते, तीही भरून द्या. रिकाम्या पोटी कोण शिकणार?

काही जण म्हणतील, पिढ्यान्पिढ्या शेती करणाऱ्यांना शिकवायचं काय? प्रश्न रास्त आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. ते बियाणं त्यांनी वेगळं ठेवलं, पुन्हा पुन्हा पेरून पारखलं. त्यातूनच एचएमटी हे वाण आलं. २०१० साली फोर्ब्स मासिकाने त्यांची दखल घेतली. तरीही २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर हलाखीने त्यांची पाठ सोडली नव्हती. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. गरीब शेतकऱ्याकडे ज्ञान असतं, म्हणून शिकवणाऱ्याने आधी त्याच्याकडून ऐकावं. आणि नुसत्या ज्ञानाने घर चालत नाही. बियाणं, पाणी, बाजार यांची जोड लागतेच.

अशी जोड मिळाली की काय होतं, तेही याच मातीत दिसतं. मूलजवळच्या सोमनाथला बाबा आमटे यांच्यासोबत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी जंगलालगतच्या जमिनीवर धानाची शेती उभी केली. समाजाने टाकलेली ही माणसं. त्यांना जमीन मिळाली, काम मिळालं आणि सोबतही मिळाली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा. आपल्या गावात पट्टे किती जणांना मिळाले, आणि त्यातल्या किती जणांच्या बांधीवर गेल्या हंगामात कुणी शिकवायला आलं? दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. पुढे काय मागायचं, ते आपोआप कळेल.