वळूची परीक्षा आणि गरिबाची गाय

गाय उलटली की दोष गाईचा, हा आपल्या ग्रामीण जीवनातील रूढ न्याय आहे. तिला भाकड ठरवून बाजार दाखविला जातो; वळूची चौकशी कोणी करीत नाही. वस्तुतः गाईतील दोष एका गोठ्यापुरता राहतो, वळूतील दोष साऱ्या गावाला भोवतो.

पूर्णतः वंध्य वळू लवकर उघडा पडतो. खरा धोका अर्धवट क्षमतेच्या वळूचा. त्याच्यापासून काही गाई गाभण राहतात, आणि म्हणूनच त्याचा संशय येत नाही. गाईचा माज सुमारे २१ दिवसांनी परततो. तीन वेळा उलटली की ६३ दिवसांचा चारा वाया. मोठ्या बागायतदाराला हा तोटा सोसतो. एका गाईवर संसार रेटणाऱ्या भूमिहीन मजुराला तो सावकाराच्या दारी नेतो.

या परीक्षेचे शास्त्र गहन नाही. वळूचे पाय, डोळे व जननेंद्रिये तपासणे, अंडकोषाचा घेर मोजणे, रेतातील शुक्रजंतूंची हालचाल व घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हे तिचे मुख्य भाग. त्यास रोगतपासणीची जोड हवी. कारण ट्रायकोमोनियासिस वा कॅम्पिलोबॅक्टेरिओसिस यांचा वाहक वळू बाहेरून धडधाकट दिसतो. शिवाय शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात. त्यामुळे कडक उन्हाळ्याचा वा आजाराचा परिणाम कित्येक आठवड्यांनी प्रकट होतो. एकदा झालेली परीक्षा ही जन्मभराची सनद नव्हे.

हे तत्त्व शासनाला अपरिचित नाही. वळूंना परवाना व अयोग्य वळूंचे खच्चीकरण, अशी तरतूद असलेला कायदा मुंबई इलाख्यात १९३३ सालीच झाला होता. आज गोठीत रेत तयार करणाऱ्या केंद्रांसाठी केंद्र सरकारची किमान मानके आहेत. वळूंची रोगतपासणी ठरलेली आहे; एका मात्रेत २ कोटी शुक्रजंतू असावेत आणि वितळविल्यानंतर निदान ५० टक्के हालते असावेत, असा दंडक आहे. पण कृत्रिम रेतनाच्या कक्षेबाहेर राहिलेल्या असंख्य गाई-म्हशींचे काय? त्यांच्या वाट्याला येणाऱ्या गावच्या वळूला कोणतीच परीक्षा नाही. शास्त्र केंद्राच्या कुंपणाआड थांबले आणि जोखीम तेवढी गरिबाच्या गोठ्यात पोहोचली, असाच याचा अर्थ.

वळूची तपासणी हा पशुपालकावरील उपकार नसून सार्वजनिक जबाबदारी आहे. गावातील प्रत्येक पैदाशीच्या वळूची दरवर्षी विनामूल्य परीक्षा व्हावी, तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, आणि रेतनानंतर कांडीवरील वळूचा क्रमांक गाईच्या मालकाला लेखी मिळावा. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत व दूध संस्थेत या तीन मागण्या लावून धराव्यात. गाईला भाकड ठरविण्यापूर्वी वळूची परीक्षा झाली होती काय, एवढा प्रश्न विचारण्याचा अधिकार गरिबाला मिळालाच पाहिजे.