वृद्धांचें वेतन : दया कीं हक्क ?

ज्यानें चाळीस वर्षें गिरणींत किंवा शेतावर घाम गाळला, त्याचे हातपाय थकल्यावर त्यास अन्न कोणीं द्यावें? मुलांनीं, असें आमचे बहुतेक वाचक म्हणतील. परंतु ज्यास मूल नाहीं, अथवा ज्याच्या मुलाचीच चूल कशीबशी पेटते, त्याची वाट काय? हा भार सरकारनें उचलावा, असें एकामागून एक राष्ट्रांनीं ठरविलें. तें कसें, हें पाहण्यासारखें आहे.

१८८९ सालीं जर्मनींत प्रिन्स बिस्मार्क यांनीं पहिला कायदा केला. मजूर व मालक यांनीं वर्गणी भरावी, सरकारनें दर वेतनांत सालिना ५० मार्कांची भर घालावी व सत्तराव्या वर्षीं वेतन सुरू व्हावें, अशी ती योजना होती. बिस्मार्क कांहीं मजुरांचे कैवारी नव्हते. समाजवाद्यांचा जोर मोडावा, हा त्यांचा डाव होता. तथापि स्वतः वर्गणी भरणाऱ्या मजुरास वेतन घेतांना मान खालीं घालावी लागत नसे.

न्यूझीलंडनें १८९८ सालीं वर्गणीवांचून, तिजोरींतूनच, ६५ वर्षांवरील गरिबांस सालिना १८ पौंड देऊं केले. मात्र सद्वर्तनाची अट घातली आणि आशियावासीयांस वगळलें. इंग्लंडांत १९०८ च्या कायद्यानें सत्तरी गांठलेल्या गरिबांस आठवड्यास जास्तींत जास्त ५ शिलिंग मिळूं लागले. तेथें पूर्वी गरीबखान्याची मदत घेणाऱ्याचा मताधिकार जाई. नवें वेतन पोस्टांतून मिळे, आणि तें घेतल्यानें कोणताही हक्क बुडणार नाहीं, असें कायद्यांतच लिहिलें होतें. रक्कम लहान, पण तत्त्व मोठें !

अशा वेतनानें काटकसरीची संवय मोडेल, हा आक्षेप जुना आहे. ज्याची मिळकत पोटासच पुरत नाहीं, त्यानें शिल्लक टाकावी कोठून?

आतां आपल्या घराकडे वळूं. मध्यवर्ती सरकारनें १९९५ सालीं निराधार वृद्धांस महिना ७५ रुपये देण्यास आरंभ केला. २००६ सालीं ते २०० झाले. राज्यें आपापली भर घालतात, हें खरें. परंतु मध्यवर्ती वांट्यास महागाईची सांगड घातलेली नाहीं. २००६ च्या रुपयास आज किती धान्य येतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. जी रक्कम भावाबरोबर वाढत नाहीं, ती दर वर्षीं कोणी न बोलतां घटतच असते. वृद्धाचें वेतन हा हक्क असेल, तर त्याचें मोल टिकविणें हेंही सरकारचें कर्तव्यच होय.