कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यापूर्वी

३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात अग्निकल्लोळ उसळला. स्फोटांच्या हादऱ्यांनी आगरगाव, नागझरी येथील माणसे नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडली. सकाळी वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण सुरू झाले आणि मृतांचा आकडा कुठे १७, तर कुठे २० असा हिंदकळू लागला. दिवसअखेर लष्कराने १६ जण दगावल्याचे सांगितले; पुढे ती संख्या १९ झाली. सकाळी नेमका आकडा कोणालाच ठाऊक नव्हता, हे मान्य. परंतु 'अद्याप ठाऊक नाही' असे स्थिर स्वरात सांगण्यासाठीही पूर्वतयारी लागते. ज्या घरातला कर्ता पुरुष त्या रात्री भांडारात कामावर होता, त्या घरात पडद्यावरचा प्रत्येक वाढीव आकडा काय करीत असेल?

२० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच पुन्हा स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. ती दुर्घटना भांडारातील नव्हे, तर सोनेगाव (आबाजी) लगतच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करतानाची होती. हा भेद ज्याने आधी जाणून घेतलेला नाही, तो निवेदक 'भांडारात पुन्हा स्फोट' असे सहज म्हणून जाईल आणि गावेच्या गावे रस्त्यावर येतील.

गावांच्या नावांचे तर विचारूच नका. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके. त्यांपैकी आष्टीची नामबंधू बीडमध्ये, कारंज्याची वाशिममध्ये, सेलूची परभणीत! मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्याने नकाशा उघडलाच नसेल, तर बातमी भलत्याच जिल्ह्यात जाऊन पडते.

कै. प्रदीप भिडे यांच्या पिढीतील दूरदर्शनच्या निवेदकांपुढे लिखित संहिता असे. आज संहिता नाही, कानात निर्मात्याचा आवाज आणि समोर तासभर भरून काढायचा वेळ. म्हणूनच टिपणवही हवी: स्थळ, अंतरे, अधिकृत माहिती देणारा अधिकारी, उच्चार, आणि काय बोलायचे नाही याची यादी. ही शेवटची यादी सर्वांत मोलाची. २००८च्या मुंबई हल्ल्यात पाकिस्तानातील सूत्रधार आपल्याच वाहिन्या पाहून अतिरेक्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात वाहिन्यांना खडे बोल सुनावले. मार्च २०१५पासून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमानेच मनाई आहे. दारूगोळा भांडाराच्या दाराशी उभे राहणाऱ्याला हा इतिहास पाठ असावा.

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचाराचा विभाग आहे आणि पुलगावही त्याच जिल्ह्यात. तेथील विद्यार्थ्यांना या दोन दिवसांची दृश्ये आवाज बंद करून दाखवावीत आणि त्या त्या घटकेला जेवढे ज्ञात होते तेवढ्यावरच दहा मिनिटे बोलावयास लावावे.