ते दोघं फक्त मित्र आहेत का?

मुलांनो, आज एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. प्रश्न आमच्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारला होता, दिवाळीच्या सुट्टीआधी. तेव्हा मी तो चक्क टाळला. त्या टाळण्याचं पुढं काय झालं तेही सांगतो, पण आधी प्रश्न.

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली होती. मुली कडुनिंबाखाली एका मोबाईलभोवती गोळा झाल्या होत्या. शाळेत मोबाईल आणायचा नाही हे सगळ्यांना पाठ आहे, तरी कुणाच्या तरी दादाचा येतोच! मी मागून डोकावलो. पडद्यावर एक जपानी कार्टून चालू होतं. रात्रीची वेळ, एक मोठं चर्च, आणि त्याच्यासमोर दोन तरुण उभे. एक जण दुसऱ्याच्या बोटात अंगठी घालत होता.

"सर, हे दोघं फक्त मित्र आहेत का?" ती म्हणाली. अगदी सरळ, गणितातली शंका विचारावी तसं.

मागून पोरं फिदीफिदी हसली. मी म्हणालो, "मोबाईल दप्तरात ठेव आधी," आणि शिपाईमामांना घंटा द्यायला सांगितली. घंटेला अजून पाच मिनिटं होती, बरं का.

आता आमच्या वर्गात दोन मुलं होती. नावं सांगत नाही. दोघांचं व्हॉलीबॉल असं काही जुळलेलं की बघत राहावं. एक जण नेटजवळ चेंडू उचलून द्यायचा आणि दुसरा उडी मारून तो पलीकडे असा हाणायचा की धूळ उडायची. हाक मारायची नाही, खूण करायची नाही. याचा हात वर गेला की त्याचे पाय जमिनीवरून सुटलेच. येताना जाताना गळ्यात गळा. आपल्याकडे गावात हे नवं नाही. माझे वडील अजून त्यांच्या दोस्ताचा हात हातात धरून बाजारात फिरतात.

त्या दिवसापासून पोरांनी या दोघांना कार्टूनमधल्या त्या दोघांची नावं ठेवली. आधी मैदानावर, मग वर्गात, मग भिंतीवर खडूनं. एकदा मैदानात कुणीतरी तीच हाक मारली, आणि मी तिथंच उभा होतो. मला हसू आलं. त्या उचलून देणाऱ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी हसलेला त्याला दिसला.

दुसऱ्या दिवशी तो मागच्या बाकावर जाऊन बसला. केंद्राच्या सामन्यात चेंडू त्याच्याकडे आला की तो दुसऱ्याच कुणाला तरी द्यायचा. आम्ही हरलो. हरण्याचं काही नाही, दरवर्षी कुणीतरी हरतंच. पण ते दोघं एकमेकांकडे पाठ करून शूज काढत होते, ते काही डोळ्यांसमोरून जाईना.

म्हणून सुट्टीत मी ते कार्टून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं.

जपानी कार्टून मालिकांना 'ॲनिमे' म्हणतात आणि जपानी कॉमिक्सना 'मांगा', हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. या मालिकेचं नाव 'युरी ऑन आइस'. २०१६ साली आली, भाग फक्त १२. दिग्दर्शिका सायो यामामोतो आणि लेखिका मित्सुरो कुबो. खेळ कोणता, तर फिगर स्केटिंग, म्हणजे धारदार पात्यांचे बूट घालून बर्फावर संगीताच्या तालात गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या. जालन्यात आपल्याला बर्फ माहीत तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा आणि रसवंतीतला. त्यामुळे पहिले दोन भाग मला नुसती थंडी वाजली!

युरी कात्सुकी हा २३ वर्षांचा जपानी खेळाडू. मोठ्या स्पर्धेत शेवटचा येतो, हिरमुसून गावी परततो. गावात आईवडिलांचं गरम पाण्याच्या झऱ्यावरचं आंघोळीचं घर आणि लॉज. लहानपणापासून ज्याची चित्रं खोलीत लावली तो रशियाचा जगज्जेता व्हिक्टर निकिफोरोव्ह एक दिवस थेट त्यांच्या दारात येतो आणि म्हणतो, मी तुझा प्रशिक्षक. पुढं सगळी गोष्ट या दोघांची. युरी जाहीर सांगतो की यंदाच्या माझ्या खेळाचा विषय प्रेम आहे. चीनमधल्या स्पर्धेत तो सुंदर खेळतो तेव्हा व्हिक्टर धावत येऊन त्याला मिठी मारतो. नुसती मिठीच होती का? नेमका तेव्हा व्हिक्टरचा हात मध्ये येतो आणि आपल्याला दिसत नाही. बार्सिलोना शहरात अंगठ्या घातल्या जातात, त्याही उजव्या हातात. रशियात लग्नाची अंगठी उजव्याच हातात घालतात. बघणारे मित्र लग्न झालं म्हणून टाळ्या वाजवतात. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य मात्र दोघांपैकी कुणीही उघड म्हणत नाही.

मग उत्तर काय?

मराठीच्या पेपरात दोन वेगळे प्रश्न असतात ना? एक उताऱ्यावरचा आणि एक कल्पनाविस्ताराचा. उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातच शोधायचं असतं. ते शब्दात नसलं तरी बारकाईनं वाचलं की सापडतं. आई रागानं काही न बोलता ताट आदळते, तेव्हा 'आई रागावली होती' असं लेखकानं लिहायची गरज नसते. 'युरी ऑन आइस'चं तसं आहे. अंगठी, मिठी, तो मध्ये आलेला हात, प्रेम हा विषय, सगळं उताऱ्यात आहे. म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं: ते मित्र तर आहेतच, आणि त्यांचं एकमेकांवर प्रेमही आहे. जोडीदारासारखं प्रेम. मी तरी गोष्ट तशीच वाचली.

कल्पनाविस्तार ही निराळी गंमत. १९८१ साली जपानमध्ये योइची ताकाहाशी यांचा 'कॅप्टन त्सुबासा' हा फुटबॉलचा मांगा सुरू झाला. त्यात त्सुबासा आणि मिसाकी यांची जोडी. मिसाकीचे वडील चित्रकार, या गावाहून त्या गावी फिरणारे. त्यामुळे पोराची शाळा सारखी बदलायची, आणि मैत्री जमली की निघायची वेळ यायची. ताकाहाशींनी लिहिली ती फुटबॉलची आणि दोस्तीची गोष्ट. पण १९८० नंतरच्या त्या वर्षांत जपानी मुलींनी यातल्या मुलामुलांच्या जोड्या जुळवून, त्यांच्या प्रेमाच्या गोष्टी स्वतः लिहून, स्वतः चित्रं काढून, पदरच्या पैशानं पुस्तिका छापल्या. अशा पुस्तिकांची तोक्योला जत्राच भरते. कॉमिक मार्केट तिचं नाव, १९७५ पासूनची. आता व्हॉलीबॉलवरची 'हायक्यू' मालिका घ्या. त्यातला हिनाता डोळे मिटून उडी मारतो आणि कागेयामा चेंडू बरोबर त्याच्या तळहाताखाली पोचवतो. हे बघून कुणी त्यांच्यावर प्रेमाची गोष्ट रचली तर रचू दे, पण तो झाला कल्पनाविस्तार. उताऱ्यात आहे तो विश्वास. डोळे मिटून उडी मारता येते, इतका!

खेळाच्याच गोष्टींत हे इतकं का होतं, याचा मी सुट्टीभर विचार केला. खेळाडूचं सगळं लक्ष एकाच माणसावर असतं, जोडीदारावर नाहीतर समोरच्या प्रतिस्पर्ध्यावर. तुमच्या मोठ्या भावंडांना 'सूरज: द रायझिंग स्टार' आठवत असेल. २०१२ च्या डिसेंबरात कलर्स वाहिनीवर लागायला लागली होती. मुंबईच्या झोपडपट्टीतला सूरज, त्याचं क्रिकेट आणि श्रीमंत घरातला विक्रम. ती मुळात १९६६ च्या एका जपानी बेसबॉल मांगावरून बेतलेली. सूरज झोपेतसुद्धा विक्रमचाच विचार करत असणार! बॉक्सिंगच्या 'आशिता नो जो' या मांगात नायकाचा प्रतिस्पर्धी रिकिइशी मरतो, तेव्हा १९७० साली तोक्योत त्याची खरोखरची शोकसभा भरली, सुमारे ७०० माणसं जमली होती. कागदावरच्या मुलासाठी! इतकी माया ज्या गोष्टीत असते, तिथं वाचणाऱ्याला 'ही नुसती दोस्ती का?' असं वाटणारच. वाटलं तर विचारावं. त्या मुलीनं विचारलं ते बरोबरच केलं. चुकलं ते आमचं, हसणाऱ्यांचं.

आता थोडं कार्टूनच्या बाहेरचं. दोन मुलगे किंवा दोन मुली एकमेकांवर असं प्रेम करतात, त्याला समलिंगी प्रेम म्हणतात. हा शब्द कुजबुजत म्हणायचा नाही. तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच तो आजारांच्या यादीतून काढला. तो गुन्हाही नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तसा निकाल दिला. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिनं २०१९ साली आपलं एका मुलीवर प्रेम आहे हे उघड सांगितलं. इंग्लंडचा टॉम डेली उंचावरून पाण्यात सूर मारणारा खेळाडू. आपलं प्रेम एका पुरुषावर आहे हे त्यानं २०१३ साली सांगितलं, आणि २०२१ मध्ये तोक्यो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. दुसऱ्यांच्या स्पर्धा चालू असताना हा पठ्ठ्या प्रेक्षकांत बसून लोकर विणत होता! त्यावरही लोक हसले असतील. त्यानं पदकासाठी पिशवी विणली.

तुमच्यापैकी कुणाला कधी मनात असं काही वाटलं तर घाबरू नका, आणि घाईनं स्वतःला कुठलं नावही देऊ नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाशी बोला. मावशी असेल, काका असेल, शाळेतल्या बाई असतील. आणि कुणी छळत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

माझ्या वर्गातले ते दोघं कोण होते, असं तुम्ही विचाराल. मित्र होते का, आणखी काही? मला माहीत नाही. माझ्या हजेरीपटात तसा रकाना नाही. मला एवढंच माहीत आहे की आमच्या हसण्यानं एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावरून खाली आला. 'युरी ऑन आइस'मध्ये मला सगळ्यात आवडलं ते हेच, की त्या गोष्टीत या दोघांना कुणीच हसत नाही. गावातलं कुणी नाही, आईवडील नाहीत, स्पर्धेतले खेळाडू नाहीत. जो जे आवडेल ते आवडू देणारं जग लेखिकेनं मुद्दाम तसं रचलं आहे. बर्फ नसला तरी चालेल, पण तेवढं आमच्या शाळेत का जमू नये, असं मला बघताना सारखं वाटत होतं.

सुट्टी संपली. मी ठरवूनच गेलो होतो. पहिल्या तासाला फळ्यावर काही लिहिलं नाही. मुलांना म्हणालो, "त्या दिवशी प्रश्न टाळला, ते माझं चुकलं. आणि मैदानावर हसलो, ते जास्त चुकलं." मग तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. एकानं मध्येच विचारलं, "सर, मग आम्ही दोस्ताच्या खांद्यावर हात टाकायचा का नाही?" मी म्हणालो, "टाक ना! कामून नाही टाकायचा?" त्या मुलीनं तेवढ्यात सगळं वहीत लिहून घेतलं होतं, जणू परीक्षेला येणार आहे.

पण मागचा बाक रिकामा होता. चेंडू उचलून देणारा मुलगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी घरं कारखान्यांकडे निघतात, हे दर वर्षीचं आहे, आणि माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. ज्याला ऐकवायचं होतं तोच नव्हता.

शाळा सुटल्यावर दुसरा मुलगा व्हरांड्यात थांबला. एकटाच चेंडू भिंतीवर मारत होता आणि झेलत होता.

"सर, तो कधी येईल?"

"कारखाना बंद झाल्यावर. उन्हाळा लागेल."

तो थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याकडं त्याच्या मुकादमाचा नंबर आहे का?"

होता. मी मोबाईल काढून त्याच्या हातात दिला आणि ऑफिसात जाऊन बसलो. बाहेर तो बराच वेळ बोलत होता. काय बोलला, ते मी विचारलं नाही.