रेक कोणाचा, रस्ता कोणाचा?

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या एका अंगास खेड आणि दुसऱ्या अंगास चिपळूण, अशी कोकण रेल्वेची दोन स्थानके आहेत. तरीही येथील रसायनांचे टँकर आणि मालमोटारी परशुराम घाटातूनच धावतात. लोहमार्ग उशाशी असताना माल रस्त्यावर का, या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्या परिभाषेत दडलेले आहे.

‘रेक’ म्हणजे एकाच धन्याच्या मालाने भरलेली अखंड गाडी: चाळीस ते साठ वाघिणी, अडीच ते चार हजार टन. ज्याला ‘छोटा रेक’ म्हणतात, तोही सुमारे वीस वाघिणींचा! पूर्वी ‘फुटकळ माल’ हाही रेल्वेचा मानाचा शब्द होता. ठिकठिकाणी थांबून एखाददुसरी वाघीण उचलणारी वा सोडणारी स्थानिक मालगाडी त्यासाठीच असे. 1980च्या दशकापासून रेल्वेने अखंड रेकचा आग्रह धरला आणि लहान उत्पादकाला धक्क्यावरून खाली उतरवले. 1950-51 साली देशातील मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून अधिक हिस्सा रेल्वेकडे होता. आज तो एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. हा काय योगायोग समजावा?

उरलेले शब्दही असेच एकतर्फी. वाघीण मुदतीत रिकामी झाली नाही की ‘डेमरेज’. माल धक्क्यावर पडून राहिला की ‘व्हार्फेज’. व्यापाऱ्याच्या विलंबाला असे दोन दंड आहेत. रेल्वेच्या विलंबाबद्दल मात्र त्याने दाव्याचे कागद घेऊन हेलपाटे घालायचे! त्यात कोकण रेल्वेवर भाडे आकारण्याचे अंतर प्रत्यक्षाहून वाढवून धरण्याची प्रथा. म्हणजे येथे किलोमीटर या शब्दाचा अर्थही बदलतो.

एकेरी मार्गावर थोडक्या मालासाठी गाडी थांबवणे परवडत नाही, असा युक्तिवाद केला जाईल. परंतु 1999पासून याच मार्गावर भरलेल्या मालमोटारी वाघिणींवर चढवून नेणारी ‘रो-रो’ सेवा चालते. 2025च्या गणेशोत्सवात तर कोलाड ते वेर्णा खासगी मोटारींसाठीही अशी गाडी सोडण्यात आली. मोटारमालकासाठी वेळापत्रकात जागा निघते, मग लोट्याच्या लघुउद्योजकासाठी, आंब्याच्या बागायतदारासाठी का निघू नये? शिवाय ‘परवडणे’ कोणाच्या खतावणीत मोजायचे? घाटातल्या दरडी, रस्त्याची डागडुजी, टँकरच्या अपघातात वस्तीवर ओढवणारा धोका, हा खर्च रेल्वेच्या ताळेबंदात दिसत नाही. तो जनता भरते. अर्थशास्त्रात याला सामाजिक खर्च म्हणतात.

नाथ पै आणि मधु दंडवते यांनी ज्या रेल्वेसाठी लढा दिला, ती 1990 साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना महामंडळाच्या रूपाने आकारास येऊ लागली. केंद्र आणि चार राज्यांचे भांडवल, जनतेच्या रोख्यांतील पैसा आणि कोकणी शेतकऱ्याची जमीन तिच्यात आहे. 1998 साली ती पूर्ण झाली, ती काय केवळ परप्रांतीचे रेक कोकणातून पार करण्यासाठी?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. खेड वा चिपळूण येथे अनेकांचा माल एकत्र करणारा सार्वजनिक मालधक्का उभारा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सुटणारी स्थानिक मालगाडी चालवा. एका वाघिणीचीही नोंदणी स्वीकारा. घातक रसायनांसाठी योग्य टाकीच्या वाघिणी आणि कडक सुरक्षाव्यवस्था द्या. भाडे खऱ्या अंतरावर आकारा. या मागण्यांसाठी लोट्याच्या कामगार संघटना, लघुउद्योजक आणि बागायतदार यांनी एकत्र आले पाहिजे. रेकची व्याख्या दिल्लीच्या दप्तरात ठरली आहे. ती बदलण्याचा रेटा मात्र येथूनच निर्माण करावा लागेल.