पाणचक्कीपासून धमनीपर्यंत

हृदयाच्या धमनीत अडथळा आढळला की घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात : खर्च किती, आणि दुकानावर पुन्हा कधी बसता येईल? देहात जाणारे साधन नेमके काय करते, हा तिसरा प्रश्न बहुधा राहून जातो. पारखल्याखेरीज माल न उचलणारी माणसेही अशा वेळी डोळे मिटून सही करतात. ते साधन समजून घेणे मात्र अवघड नाही.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की कोणी पाहिलेली नाही? डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणले, उंचावरून पाडले आणि त्याच्या बळावर जाते फिरवले. शक्ती एका ठिकाणी, काम दुसऱ्या ठिकाणी. मधे केवळ बंद नळ. अँजिओप्लास्टीचा बलून हे याच विचाराचे सूक्ष्म रूप होय. फरक इतकाच, की पाणचक्कीत पडत्या पाण्याचा वेग राबतो, तर बलूनमध्ये कोंडलेल्या द्रवाचा दाब.

16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हा उपचार मानवी हृदयाच्या धमनीवर प्रथम केला. आपले आरंभीचे बलून त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर तयार केले होते. आज मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्या टोकाशी घडी घातलेला, फुगल्यावर साधारणतः 2 ते 4 मिलिमीटर व्यासाचा बलून असतो. बाहेरून डॉक्टर पिचकारीचा स्क्रू फिरवतात आणि आत 8 ते 12 वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेच्या सुमारे चार-पाच पट दाब निर्माण होतो.

त्यात हवा न भरता क्षारजल आणि क्ष-किरणांत दिसणारे औषध यांचे मिश्रण भरतात. हवा दाबली की आकसते, द्रव जवळजवळ आकसत नाही; म्हणून बाहेरची हालचाल टोकापर्यंत अचूक पोहोचते. शिवाय बलून फुटलाच, तर धमनीत हवा शिरणे प्राणावर बेतू शकते. भरण्यापूर्वी आतील हवा काळजीपूर्वक काढून टाकतात, ती याचसाठी.

याच्या पुढची पायरी म्हणजे द्रवाच्या दाबाने वळणारी, पकडणारी शस्त्रक्रियेची साधने. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले, तेव्हापासून लहान छिद्रांतून होणारी शस्त्रक्रिया भारतात रुजत गेली. परंतु सरळ दांड्याच्या चिमट्याला देहातील वळणे गाठता येत नाहीत, आणि तारेने ओढायचे साधन वळणावळणाला घासते. जपानचे कोइची सुझुमोरी यांनी त्याच सुमारास रबराचे तीन कप्पे असलेले बोट तयार केले. एका कप्प्यातील दाब वाढवला की ते विरुद्ध दिशेला वाकते. अशा साधनाच्या टोकाशी वीज लागत नाही. धातूही टाळता येत असल्याने एमआरआय यंत्रातही ते चालू शकते.

मग ही साधने अजून सर्रास का दिसत नाहीत? अडचण हिशेबाची आहे. 1 मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर 10 वातावरणांचा दाब दिला, तर मिळणारे बळ जेमतेम 80 ग्रॅम वजनाइतके. व्यास निम्मा केला की ते चौथाईवर येते; गळती रोखणाऱ्या कड्याचे घर्षण मात्र त्या प्रमाणात घटत नाही. नफा चौथाई आणि भाडे निम्मे, असा हा व्यवहार! कडे सैल ठेवावे तर गळती, आवळावे तर बळच उरत नाही. म्हणूनच दट्ट्याऐवजी लवचीक पडदा किंवा भाता वापरण्याकडे संशोधकांचा कल आहे.

या कामाला केसाहून बारीक मापाचे साचे लागतात. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचेकामाचे शिक्षण मिळते. वाळूजमध्ये द्रवप्रवाह मोजणारी उपकरणे बनतात. नवा धंदा शोधणाऱ्या तरुण पिढीने या क्षेत्राचा विचार अवश्य करावा. मात्र येथे परतावा उशिरा मिळतो आणि चुकीला सूट नसते. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी साधनांची जोखमीनुसार वर्गवारी केली आहे. जोखीम अधिक, तितकी तपासणी कडक.

तोवर प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी करावे. बलूनच्या वेष्टनावर कमाल सुरक्षित दाब, तुकडी क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली असते. ते लेबल रुग्णाच्या फाइलमध्ये लावून घ्यावे. एकदाच वापरायचे साधन नवे आहे ना, हे निःसंकोच विचारावे. फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या कमाल किमती ठरवताना शासनाने रुग्णालयांना बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचे नाव आणि तुकडी क्रमांक स्वतंत्र दाखवण्यास सांगितले आहे; तो तपशील वाचून घ्यावा. घाईच्या प्रसंगी हे सुचत नाही, म्हणून घरातील एका व्यक्तीवर ही जबाबदारी आधीच सोपवावी. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गोणीचे वजन पाहणाऱ्याने स्वतःच्या माणसासाठी एवढी पारख केलीच पाहिजे.